मास मीडियाचं कॉलेज

लेकीची बारावी झाली तेव्हा तिच्या पुढच्या शिक्षणाबद्दल आमच्या घरात कसलाही वाद नव्हता. कॉमर्स घेतलं होतं, म्हणजे बी.कॉम. होणार, जोडीला बँकेच्या परीक्षा देणार, एवढं आम्ही धरूनच चाललो होतो. अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत बहुतेक मुलं हेच करतात. निकाल लागायच्या आधी एका रविवारी दुपारी मी ब्लाउजच्या बाह्या जोडत बसले होते, हे पेपर वाचत होते, आणि ती आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली. म्हणाली, मला बी.कॉम. करायचं नाही, मास मीडिया करायचंय.

ह्यांनी पेपर खाली केला. "म्हणजे टीव्हीवर बातम्या द्यायच्या?"

"तेही असतं. जाहिराती असतात, फिल्म असते, रेडिओ, लिखाण. तिसऱ्या वर्षी जाहिरात नाहीतर पत्रकारिता, काहीतरी एक निवडायचं."

हे आनंदनगरच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत क्वालिटीला आहेत. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय ते पास करत नाहीत आणि तपासल्याशिवाय नापासही करत नाहीत. डिग्री कोण देतं, एवढंच त्यांनी विचारलं. युनिव्हर्सिटी देते म्हटल्यावर, मग बघू या, म्हणून पुन्हा पेपर वर धरला.

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आमची मुलगी मुळात बोलकी नाही. पाहुणे आले की पाणी देऊन आत जाणारी. तिला लोकांशी बोलण्याचंच शिक्षण घ्यायचंय म्हणजे काय, ते मला कळेना. पण थोडा विचार केल्यावर लक्षात आलं, की ह्याची सुरुवात भाभींच्या दुकानात झाली होती.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी भाभींचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. त्यांच्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज आणि ड्रेस मी बरीच वर्षं शिवून देते. लेक लहान असल्यापासून माझ्याबरोबर तिथे यायची, ताग्यांच्या आडोशाला बसून अभ्यास करायची, आणि भाभी तिला पापड आणि पाणी द्यायच्या, तेही ती पाहुणी असल्यासारखं. लॉकडाऊन उठल्यावर गिऱ्हाईक फार कमी झालं होतं, तेव्हा लेकीने भाभींच्या फोनवर मालाचे छोटे छोटे व्हिडिओ काढून स्टेटसला टाकायला सुरुवात केली. आजूबाजूचे दुकानदारही टाकायचे, पण त्यांच्यात गाणी असायची आणि चमचम असायची. हिने भाभींना फक्त कापड उलगडायला सांगितलं आणि त्यांच्या हातावर कॅमेरा ठेवला. भाभी कापडावरून हात फिरवत नेहमीसारखं बोलत राहिल्या, ये देखो, धोने के बाद भी ऐसा ही रहेगा. बायका दुकानात येऊन "वो हाथ वाला कपडा दिखाओ" म्हणायला लागल्या. भाभींनी तिला दोन ड्रेसचं कापड दिलं, आणि ते मीच शिवलं.

तर हिला हे करायचं होतं. आणि मला, खरं सांगायचं तर, फार आनंद झाला. बी.कॉम. म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काहीच येत नव्हतं. मास मीडिया म्हटल्यावर मोठी मुंबई आली. मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं, की शिकायचंच असेल तर पोरीने सगळ्यात चांगल्या ठिकाणी शिकावं. इथे आसपास नाही.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघी कॉलेजं बघत फिरलो. ते दिवस मला अजून आवडतात. एरवी मुलीबरोबर माझं बाहेर जाणं म्हणजे बाजार, लग्न, नाहीतर दवाखाना. ह्या वेळी आम्ही नुसतं बघायला जात होतो. डबा घ्यायचो, कुठेतरी झाडाखाली बसून खायचो, आणि ती मला काय काय सांगायची. घरात महिन्यात जितकं बोलत नसे तितकं ती एका दिवसात बोलायची. जाहिरातीतला रंग कसा ठरवतात, बातमीतलं पहिलं वाक्य का महत्त्वाचं असतं, असलं सगळं. मला सगळं कळायचं असं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

दक्षिण मुंबईतलं एक नावाजलेलं कॉलेज माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. दगडी इमारत, मोठा जिना, आत झाडं. तिथे प्रवेशपरीक्षा होती आणि त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बागेत इतर पालकांबरोबर बसले. शेजारच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला. कुठून आलात विचारलं. अंबरनाथ म्हटल्यावर, नाशिकच्या बाजूला का, म्हणाल्या. मी त्यांना कल्याण, मग विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, मग अंबरनाथ असं सगळं समजावून सांगितलं. रोज इतक्या लांबून येणार, असं त्या काळजीने म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडचे सगळेच येतात. त्या क्षणी मला आमच्याकडच्या सगळ्यांचा अभिमान वाटला.

परीक्षा बरी गेली, पुढे मुलाखतीलाही बोलावलं. मुलाखतीत तिला आवडती जाहिरात विचारली. तिने भाभींच्या हाताचा व्हिडिओ सांगितला. थोडं इंग्रजीत, अडखळल्यावर हिंदीत. समोरचे तिघेही हसले, पण चांगलं हसले, असं ती म्हणाली. मी लगेच ताडलं, की हिचं काम झालं.

मधल्या काळात हेही एका सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर आले. बदलापूरच्या बाजूला एक नवीन खाजगी कॉलेज सुरू झालं होतं. काचेची इमारत, गुळगुळीत लाद्या, रिसेप्शनला फुलं. एका मुलाने आम्हाला फिरवून दाखवलं. हे त्याच्या मागून चालत प्रत्येक मजल्यावर नळ सोडून बघत होते. बाथरूममध्येही जाऊन आले, पाणी आहे आणि कड्याही आहेत म्हणाले. स्टुडिओ दाखवला तेव्हा लेकीचे डोळे चमकले, कारण तसले दिवे तिने कधी जवळून पाहिले नव्हते. तिने एका दिव्याला हात लावला. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मुलगा म्हणाला, प्लीज, टच नका करू. ह्यांनी त्याला शांतपणे विचारलं, की मुलं कधी वापरतात? तो म्हणाला, सर, सेकंड इयरपासून. सेकंड इयरची बॅच आहे का, ह्यांनी विचारलं. अजून नव्हती. बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, की नळ चांगले आहेत. लेक रस्ताभर हसत होती.

तिसरं कॉलेज उल्हासनगरचं. तिथे मी गेले नाही. तिच्या जुनियर कॉलेजची एक मैत्रीण तिकडे चौकशीला जात होती, तिच्याबरोबर ही गेली. जेवायला येते म्हणाली आणि संध्याकाळी उगवली. दंड चोळत होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, की वरच्या वर्गाचं शूटिंग चाललं होतं, माइकची काठी धरायला माणूस नव्हतं, मी धरली. दुपारभर. मी म्हटलं, तू चौकशीला गेली होतीस ना? ती म्हणाली, हो, तीच करत होते. मी कणीक मळत होते, त्यामुळे पुढचं फारसं ऐकलं नाही. त्या कॉलेजचा विचार माझ्या हिशेबात नव्हताच.

मग मोठ्या कॉलेजची यादी लागली आणि त्यात तिचं नाव होतं.

मी सगळ्यांना फोन केले. माझ्या बहिणींना, ह्यांच्या भावाला, आईला. आई बारवी धरणाच्या अलीकडे गावाला असते. तिला मुंबईचं कॉलेज म्हटल्यावर पहिला प्रश्न पडला, की पोर जेवणार कवा. भाभींनी पेढे मागवले. सोसायटीतल्या एकदोन जणींनी जिन्यात थांबवून अभिनंदन केलं, ते मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन पुन्हा एकदा ऐकलं. स्टेशनच्या बाजारातून तिच्यासाठी एक चांगली बॅग आणली, लॅपटॉप मावेल अशी, लॅपटॉप अजून घ्यायचा होता तरी. लेक ह्या सगळ्यात गप्पच होती, पण ती नेहमीच गप्प असते, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही.

प्रवेश पक्का करायची मुदत जवळ आली होती. मी भाजी निवडत होते. ती समोर बसून शेंगा सोलायला लागली आणि शेंगांकडे बघतच म्हणाली, "आई, मला तिथे नाही जायचं. मला उल्हासनगरला घ्यायचंय."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग मी एकामागून एक विचारत सुटले. इंग्रजीची भीती वाटते का? नाही. कोणी काही बोललं का? नाही. प्रवासाचं टेन्शन आहे? तेवढं नाही. बाबा काही म्हणाले का खर्चाचं? बाबांना अजून माहीतच नाही. मग काय?

"तिथे त्यांनी मला सगळं दाखवलं," ती म्हणाली. "इकडे त्यांनी मला काम दिलं. मी चुकले तर एक मुलगा ओरडला पण, माइक खाली येतोय म्हणून. मग पुन्हा केलं."

मला राग आला. काठी धरायला मिळाली म्हणून कोणी असलं कॉलेज सोडतं का, असं मी म्हटलं. आणखीही बोलले. लोक ह्या प्रवेशासाठी वर्षभर क्लास लावतात, तुला तो हातात आलाय आणि तुला घराजवळच राहायचंय. घाबरट आहेस, हेही बोलून गेले. ती उठली, सोललेले दाणे माझ्या ताटात ओतले आणि आत गेली.

ह्यांना सांगितलं तर त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू मांडल्या. त्यांचं मत मुंबईकडे होतं. नावाची किंमत असते म्हणाले, माल तोच असला तरी लेबल बघून लोक घेतात. पण शेवटी शिकायचं तिला आहे, हेही म्हणाले. मला त्यातून काहीच हाती लागलं नाही. घरात सगळे नीट बोलत होते, पण कामापुरतं. लेक सकाळी चहा करून मला हाक मारायची आणि मी तो मुकाट्याने प्यायचे.

शिवलेले ब्लाउज द्यायला भाभींकडे गेले तेव्हा त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, पेढे मागवणाऱ्या भाभी माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी ब्लाउज उलटा करून शिवण बघितली. मग म्हणाल्या, "पुट गलत बोल रही है या सही, तू कैसे बोलेगी? तूने तो वो कॉलेज देखा ही नहीं." लेकीला त्या पुटच म्हणतात, सिंधीत लेकराला म्हणतात तसं.

मी म्हटलं, उल्हासनगरचं कॉलेज काय बघायचं, मी रोज त्याच्यावरून जाते.

"बाहर से जाती है ना," त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठल्या.

मी दुकानातून निघाले ती रिक्षाने थेट त्या कॉलेजच्या फाटकाशी उतरले. हातात कापडाची पिशवी होती, मापाचे दोन जुने ब्लाउज आणि अस्तर. वॉचमनने कुठे जायचं विचारलं तेव्हा मी मास मीडिया म्हटलं, आणि तो शब्द मोठ्याने म्हणताना जरा अवघडले. दुसरा मजला, म्हणाला.

त्या जिन्यात मला एक गोष्ट आठवली, जी मी इतक्या वर्षांत आठवली नव्हती. बारावी झाल्यावर मला ह्याच कॉलेजात बी.ए.ला यायचं होतं. आमच्या गावाहून बदलापूरला यायला तेव्हा सकाळची एकच एसटी होती, तीही येईल तेव्हा, आणि तिथून पुढे इथे. वडील म्हणाले, इतकं लांब पोर पाठवायची नाही. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच लांब वाटलं. भातलावणीनंतर बघू म्हणाले, आणि लावणीनंतर स्थळ आलं. तेव्हा जे कॉलेज आम्हाला लांब होतं, ते आता मला माझ्या मुलीसाठी फार जवळ वाटत होतं. जिन्यात मी थोडी हसलेच.

विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक मोठं कपाट. एका खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या आणि गोधड्या ठोकलेल्या होत्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून, हे मला मागाहून कळलं. आत पाचसहा मुलंमुली टेबलाभोवती उभी होती आणि सुती साडीतल्या, माझ्याच वयाच्या एक मॅडम एक वायर सोडवत होत्या. मी दारात थांबले. मुलीच्या प्रवेशाची चौकशी, असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बसा, दहा मिनिटांत बोलते, मुलांचं प्रॅक्टिकल चाललंय. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मुलांना मुलाखत घ्यायचा सराव करायचा होता. ज्यांना बोलावलं होतं ते गृहस्थ आले नव्हते. मुलं एकमेकांचीच घेत होती आणि हसत होती. थोड्या वेळाने मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमची हरकत नसेल तर तुम्ही बसाल का ह्यांच्यासमोर? कुठे दाखवणार नाही. फक्त सराव."

नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण लेकीने दुपारभर काठी धरली ती ह्याच खोलीत किंवा शेजारच्या, असं मनात आलं आणि मी उठून गेले.

एका मुलाने माझ्या पदराला छोटा माइक लावायला दिला, कसा लावायचा ते दाखवलं. समोर एक बारीक मुलगी बसली. घाबरलेली होती, माझ्यापेक्षा जास्त. तिने हातातल्या कागदाकडे बघून विचारलं, "तुमच्या जीवनातल्या संघर्षाबद्दल सांगा."

मी म्हटलं, तसा काही नाही बाई, सगळं बरं आहे.

मागून मॅडम म्हणाल्या, "संघर्ष विचारू नकोस. त्या काय करतात ते विचार, आणि कागद ठेव."

मग तिने विचारलं, मी काय करते. मी सांगितलं, शिवते. कधीपासून, कोणाकडे शिकलात, पहिला ब्लाउज कोणाचा शिवला, असं एकातून एक निघत गेलं. पहिला ब्लाउज माझ्या नणंदेचा होता आणि तो तिला इतका घट्ट झाला, की तिने तो घालून जेवायचं नाही असं ठरवलं, हे मी सांगितलं तेव्हा कॅमेऱ्यामागचा मुलगा हसला आणि मॅडमनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मीही सैल झाले. मग ती मुलगी म्हणाली, "शिवणकाम केलं नसतं तर काय केलं असतं?"

हा प्रश्न तिने कागदावरून विचारला नव्हता. मी म्हटलं, "बी.ए. केलं असतं. इथेच. ह्याच कॉलेजात."

ती काही बोलली नाही. कोणीच बोललं नाही. एरवी असं झालं की माणूस पटकन काहीतरी बोलून ती जागा भरतो, पण मॅडमनी हात थोडा वर केला आणि सगळी तशीच थांबली. मग मी आपणहून पुढे सांगितलं. एसटीचं, वडिलांचं, लावणीचं. रडले वगैरे नाही. रडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. फक्त मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

झाल्यावर त्या मुलाने मला हेडफोन दिले. माझा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तो हुबेहूब माझ्या आईसारखा होता, गावाकडचा, शेवटचा शब्द ओढणारा. इतकी वर्षं अंबरनाथला राहून मला वाटत होतं, की मी तो तिकडेच ठेवून आले.

नंतर मॅडमनी मला कॅन्टीनला नेलं, सामोसा आणि चहा मागवला. मी त्यांना सरळ विचारलं. मुंबईचं नाव सांगितलं, मुलगी निवडली गेलीय हे सांगितलं. तुमची मुलगी असती तर?

चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "तिथलं नाव पुढे उपयोगी पडतं. ते मी नाकारणार नाही. आमच्याकडे दोन कॅमेरे आहेत आणि एकाची बॅटरी लवकर उतरते. पण आमची मुलं कमी आहेत, त्यामुळे प्रत्येकाला सगळं करावं लागतं. काहींना ते आवडत नाही. तुमच्या मुलीला कुठे जास्त आवडेल, ते मला कसं कळणार?"

त्यांनी माझ्या मुलीला ओळखलंही. माइक धरणारी ना, म्हणाल्या. शूटिंग संपल्यावर थांबून वायरी गुंडाळायला शिकून गेली.

मी चालतच भाभींच्या दुकानावरून स्टेशनला आले. मुंबईचं कॉलेज मनातून गेलं नव्हतं. ती दगडी इमारत, तो जिना, त्यावरून चढणारी माझी मुलगी, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की ते माझ्या आठवणीतलंच झालं होतं. पण चालता चालता लक्षात आलं, की त्या चित्रात जिन्यावर जी मुलगी होती, तिने बारावीला मी घालायचे तसा पंजाबी ड्रेस घातला होता. ती लेक नव्हतीच.

घरी पोचले तेव्हा ती कुकर लावत होती. मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले आणि सांगितलं, की तुझ्या कॉलेजात जाऊन आले. तिला वाटलं, मी मुंबईला जाऊन आले. उल्हासनगर म्हटल्यावर ती वळली.

"माझ्या आधी तूच माझ्या कॉलेजात जाऊन बसलीस?"

मी मुलाखतीचं सांगितलं. संघर्ष विचारला तेव्हा मी काय म्हटलं ते सांगितलं. ती ओट्याला टेकून इतकी हसली, की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि त्या दिवशी भाताचा लगदा झाला. बी.ए.चं सांगितलं तेव्हा ती हसायची थांबली. हे तिलाही माहीत नव्हतं. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली, आणि मी म्हटलं, चल, बाबा यायच्या आत कोशिंबीर कर. घाबरट म्हटल्याबद्दल मी काही बोलले नाही, तिनेही विचारलं नाही.

ह्यांनी रजा टाकली आणि प्रवेश घ्यायला आम्ही तिघं गेलो. ह्यांनी दुसऱ्या मजल्यावरचे नळ सोडून पाहिले. एकाला पाणी नव्हतं. ते मॅडमना तसं सांगणार होते, लेकीने त्यांचा शर्ट मागून ओढला.

नातेवाईकांना सांगायची मला थोडी लाज वाटत होती, ती उगाच होती. आई म्हणाली, "बरं झाला. दुपारला घरला येयेल." बहिणींच्या लक्षातच राहिलं नव्हतं आधीचं कॉलेज कुठलं होतं. भाभींनी दुसऱ्यांदा पेढे मागवले नाहीत, दाल-पकवान मागवलं.

सगळं सुरळीतच झालं असं म्हणणार नाही. पहिल्या वर्षी ती मुंबईच्या त्याच कॉलेजात कुठल्याशा महोत्सवाला गेली आणि आल्यावर दोन दिवस गप्प होती, नेहमीपेक्षा वेगळी. तिथले कॅमेरे, तिथले पाहुणे, तिथल्या मुलींचं बोलणं. मी विचारलं, पस्तावतेस का? म्हणाली, थोडं. मग म्हणाली, आज होतंय, उद्या नसेल. बॅटरी लवकर उतरणाऱ्या कॅमेऱ्याला तिने फार शिव्या घातल्या. पण घरी तिच्या वर्गातली मुलं यायला लागली. कोणी विठ्ठलवाडीच्या चाळीतला, कोणी बुवापाड्याची, एक मुलगा वांगणीच्या पुढून यायचा. हिंदीत सुरुवात करून मराठीत संपवायची आणि भांडण इंग्रजीत करायची. माझ्या मशीनचा आवाज त्यांनी कुठल्यातरी कामासाठी रेकॉर्ड केला, तेव्हा मला मोकळं पायडल मारत बसवलं होतं.

तिसऱ्या वर्षी तिने पत्रकारिता घेतली. शेवटच्या प्रोजेक्टला आम्ही दोघी माझ्या गावी गेलो, कारण तिला रानभाज्या आणायला जाणाऱ्या बायकांचं ऐकायचं होतं. त्या बायका तिच्याशी बोलताना शहरी मराठी बोलायच्या, म्हणून प्रश्न मी विचारायचे आणि ती माइक धरून बसायची. एका म्हातारीने उत्तर अर्ध्यात सोडलं तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारणार होते. लेकीने हात थोडा वर केला. मी थांबले. म्हातारी पुष्कळ वेळाने स्वतःच बोलायला लागली, आणि तेच सगळ्यात चांगलं निघालं.

आता ती ठाण्याला एका छोट्या कंपनीत आहे. शेती, आरोग्य, पाणी अशा विषयांवर गावोगावच्या लोकांसाठी ऐकायचे कार्यक्रम तयार करतात. अजूनही बोलकी झालेली नाही. पाहुणे आले की पाणी देते, पण आता आत जात नाही, तिथेच बसून ऐकते. पगार बरा आहे. कामासाठी कधी जव्हार, कधी नाशिक. परवा तीन दिवसांनी आली ती दुपारपर्यंत झोपली आणि उठल्यावर माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसून पोहे खाल्ले.

ह्यांचं मत मात्र बदललेलं नाही. टीव्हीवर कोणी त्या मुंबईच्या कॉलेजात शिकलेलं दिसलं, की ते आवाज वाढवतात आणि म्हणतात, बघ, तिथे गेली असती तर. लेक म्हणते, बाबा, तिथे गेले असते तर आईचं मशीन कोणी रेकॉर्ड केलं असतं. मग हे आवाज कमी करतात. असं महिन्यातून एकदा तरी होतं, आणि मी शिवत असते.